लाल पट्ट्याची वनस्पती
अडुळशाचा काढा उकळायला लागला, की मला परतूरची आमच्या मामांची ओसरी आठवते. मामा वैद्य होते आणि समोरच्या हकीमसाहेबांचा काढा म्हणजे नुसतं गुळाचं पाणी, असं गावभर सांगत. ज्याचा काढा खोटा निघेल त्यानं औषध देणं बंद करायचं, असं एकदा ठरलं. हैदराबादेत रसायनशास्त्र शिकणाऱ्या माझ्या भावानं दोघांच्या काढ्यांत टिपकागद उभे सोडले. "झाडपाल्याचे रंग वेगवेगळे वर चढतेत, मंग खरं-खोटं कळंल," तो म्हणाला. दोन्ही कागदांवर पिवळा आणि तपकिरी पट्टा बराबर सारखाच चढला. मामांच्या कागदावर मात्र एक लालभडक पट्टा जास्तीचा उमटला. "ही आमची गुप्त वनस्पती!" मामा गरजले आणि तोंडात पान असतानाच, नेहमीसारखी पळीनं काढ्याची चव घेऊन त्यांनी तीच पळी परत पातेल्यात बुडवली. लाल झालेल्या पळीकडं बघत हकीमसाहेब अदबीनं म्हणाले, "वैदजी, ही वनस्पती तर आमच्या पानदानातबी हाय." बाकीचे पट्टे सारखेच निघाल्यानं औषध देणं कुणीच बंद केलं नाही; मामांनी तर ना पान सोडलं, ना चव घेणं. आज मी बाटलीतलं स्वच्छ औषध घेतो खरा, पण कात-चुन्याशिवाय खोकला थांबतो यावर माझा अजून विश्वास नाही.