पाच नंबरचं पोर्ट

अमरावतीच्या राजापेठेत रागिणीला ‘अल्बमवाली’ म्हणून ओळखतात. लग्नात फोटो काढणारे वेगळे. त्यांनी आणून टाकलेल्या तीन-चार हजार फोटोंतून दीडशे निवडायचे, नवरीच्या मामाचे मिटलेले डोळे दुसऱ्या फोटोतून आणून उघडे करायचे, पानं लावायची, हे काम तिचं.

तिचे वडील नत्थुजी अकोल्याच्या भाजीबाजारात बसतात. सासरी फुलांचा धंदा. सासू पार्बताबाई गेली तीस वर्षं चौकातल्या टपरीवर हार विकतात, आणि नवरा चंदन बडनेऱ्याला रेल्वेत आहे. लग्नानंतर रागिणी एका स्टुडिओत कामाला जायची. तो बंद पडला तेव्हा तिनं घरीच काम करायचं ठरवलं, आणि त्यासाठी कॉम्प्युटर स्वतः जोडला. काही भाग नवे घेतले, काही अकोल्याहून जुने आणले, आणि मोबाइलवर हिंदीतले व्हिडिओ बघत बघत तीन दिवसांत उभा केला. पहिल्यांदा पडदा उजळला तेव्हा पार्बताबाई बाजूलाच उभ्या होत्या. त्यांनी कॉम्प्युटरच्या डब्यावर दोन शेवंतीची फुलं ठेवली. पंख्यात जातील म्हणून रागिणीनं ती लगेच उचलली, तर त्या म्हणाल्या, “देवाले चालते, याले काहून नाई चालत?”

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. कॉम्प्युटर फार संथ झाला होता म्हणून रागिणीनं माहिती वेगानं साठवणारी एक नवी एसएसडी मागवली होती. च्युइंगमच्या पट्टीएवढं कार्ड, मदरबोर्डवर थेट बसणारं. ते बसवायला बोर्डवर दोन खाचा होत्या. वरची खाच ग्राफिक्स कार्डाखाली दडलेली. ते जड कार्ड काढायचा तिला कंटाळा आला. तिनं पट्टी खालच्या खाचेत बसवली, स्क्रू पिळला, बटण दाबलं. कॉम्प्युटर सुरू झाला, नवी पट्टी दिसली. खूश होऊन ती मशीन चालूच ठेवून अल्बम छापणाऱ्या लॅबवाल्याकडे पेनड्राइव्ह द्यायला गेली.

परत आली तर खोलीभर ओल. कूलरची टाकी भरून वाहिली होती. पार्बताबाई गुडघ्यावर बसून फडक्यानं पाणी टिपत होत्या आणि टेबलाखालचा डबा दोन हात लांब भिंतीशी सरकवलेला होता.

“पाणी तिकडं चाललं होतं, मंग मीच ओढला,” त्या म्हणाल्या. “जड आहे वं तुहा डबा.”

रागिणीला त्यात काही वावगं वाटलं नाही. तिनं त्यांच्यासाठी चहा केला.

दोनच्या सुमारास अकोल्याहून शुभमचा फोन आला. शुभम लग्नाचे फोटो काढायचा आणि रागिणीला काम द्यायचा.

“ताई, मागच्या महिन्यात ते बार्शीटाकळीचं लग्न केलं ना आपण, त्या नवरीचे आजोबा गेले. पुंजाजी. परवा तेरवी आहे.”

“अरे देवा.”

“फेटा बांधून मांडवाच्या दारात बसले होते, तो फोटो पाह्यजे. घरी दुसरा फोटोच नाई त्यायचा. आधार कार्डावरचा आहे, त्यात माणूस ओळखू येत नाई. फ्रेमवाला संध्याकाळपर्यंत थांबतो म्हणून राहिला.”

“तुझ्याजवळ नाही?”

“मी कार्ड पुसून दुसऱ्या लग्नाले वापरलं. सारं तुमच्याकडेच आहे, ताई.”

रागिणीला तो फोटो आठवत होता. अल्बमसाठी तिनं बाजूला काढून ठेवलेला. तिनं माउस हातात घेतला आणि ती थबकली. फोटो ठेवायची मोठी हार्ड डिस्क पडद्यावरच्या यादीत नव्हतीच.

तिनं कॉम्प्युटर बंद करून चालू केला. नाही. डब्याचं झाकण काढून वायरी दाबल्या, वायर बदलून पाहिली. डिस्कवर बोटं टेकवली तर आतली थरथर जाणवत होती. म्हणजे वीज पोचत होती, पण मशीनला डिस्क दिसत नव्हती. तिनं शुभमला सांगितलं.

“हलवली होती का चालू असताना?” त्यानं विचारलं.

“हो.”

“मंग गेली ताई. चालू डिस्क हलवली की आत चरा पडतो. आता नागपूरले पाठवा लागन. पंधरा दिवस लागतात, अन् फोटो निघनच असं नाई.”

फोन ठेवून रागिणी वळली. दारात पार्बताबाई उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं होतं.

“आत्याबाई, चालू मशीनला हात लावायच्या आधी मला एक फोन करता आला नाही तुम्हाला?” रागिणीचा आवाज चढला. “एका मेलेल्या माणसाचा शेवटचा फोटो होता त्यात. तुमच्या एका ओढण्यानं गेला!”

पार्बताबाई एरवी एकाला दोन शब्द परत करणाऱ्या बाई. त्या दिवशी मात्र त्या पायात चपला घालून रणरणत्या उन्हात टपरीवर निघून गेल्या. टपरी उघडायला अजून दोन तास होते.

रागिणी फरशीवर बसून राहिली. रडून झाल्यावर तिला वाटलं, निदान सकाळी मशीन जसं होतं तसं तरी करून बघावं. सकाळपासून बदललं काय काय? डबा हलला. आणि त्याच्या आधी नवी पट्टी बसली.

तिनं पट्टी काढली, बटण दाबलं. डिस्क दिसली! पुंजाजींच्या घरच्या लग्नाचं फोल्डरही जागच्या जागी होतं.

तिनं सगळ्यात आधी तो फोटो शुभमला पाठवला. मग पट्टी पुन्हा बसवली. डिस्क गायब. काढली, हजर. दोन्ही चांगल्या होत्या, पण एकत्र नांदत नव्हत्या. मदरबोर्डसोबत आलेलं बारीक अक्षरांचं पुस्तक तिनं कपाटातून शोधून काढलं आणि मोबाइलनं मोठं करून वाचलं. एका तक्त्याखाली लिहिलेलं होतं: खालच्या खाचेत पट्टी बसवली, तर पाच आणि सहा नंबरची पोर्टं, म्हणजे डिस्कच्या वायरी खोचायच्या जागा, बंद होतील. तिची डिस्क पहिल्या दिवसापासून पाच नंबरमध्ये होती. तिनं वायर काढून दोन नंबरमध्ये खोचली. आता पट्टीही दिसत होती, डिस्कही.

म्हणजे डबा ओढल्यानं काहीच झालं नव्हतं. उलट तो ओढला नसता, तर पाणी आत शिरलं असतं.

ती धावतच चौकात गेली. पार्बताबाई टपरीच्या सावलीत झेंडू ओवत होत्या. डोळे सुजलेले.

“आत्याबाई, फोटो सापडला.”

त्यांची सुई थांबली. “खरंच?”

“खरंच. तुमच्यानं काही झालंच नव्हतं. मीच सकाळी चुकीच्या जागी पट्टी बसवली. मशीन तुम्ही वाचवलं, आणि मी तुम्हाला नको ते बोलले.”

पार्बताबाईंनी सुई हारात खोचून ठेवली. “मी इथी बसून त्याच माणसाचा इचार करून राहिली होती,” त्या म्हणाल्या. “म्हटलं, पाह्यला नाई, ओळख नाई, अन् त्याचं तोंडच पुसून टाकलं म्या.”

रागिणी त्यांच्याजवळ पोत्यावर बसली. तिनं मोबाइलवर फोटो उघडून दाखवला. केशरी फेटा, मिशीखाली दोन दातांचं हसू.

“हासून राहिला बुढा,” पार्बताबाई म्हणाल्या. “तेरवीले असा चालते का?”

“शुभमनं विचारलं. नवरी म्हणाली, हाच पाहिजे.”

“चांगलं केलं पोरीनं.” त्यांनी पदरानं तोंड पुसलं. “पण तू मले बोलली ते मले लागलं, रागिणी. दोन दिवस लागन. मंग मनातून जाईन.”

“लागू द्या,” रागिणी म्हणाली.

खरोखरच दोन दिवस त्या तिच्याशी कामापुरतंच बोलल्या. तिसऱ्या दिवशी रागिणीनं दुसरी डिस्क आणून प्रत्येक लग्नाची आणखी एक नक्कल ठेवायला सुरुवात केली. त्या संध्याकाळी पार्बताबाई आपणहून तिच्या खोलीत आल्या, खुर्ची ओढून बसल्या आणि डोक्यावरचा पदर नीट केला.

“माहा बी एक काढ,” त्या म्हणाल्या. “अन् दोन जागी ठेव.”

रागिणीनं मोबाइल उचलला. “हसा जरा.”

“आधी काढ त खरं,” पार्बताबाई म्हणाल्या.