पहिल्या दिवशी उचलायचं नाही

पाळणाघरातल्या मावशीला ढीगभर भाषा येतात, असं कुणी म्हटलं की ती हात झटकते. "छे हो, मला आपली एकच येते. तीसुद्धा भांडताना जास्त चांगली." पण दोन वर्षांच्या पोराची भाषा मात्र तिला येते, मग ते पोर कुठल्या का मुलखातलं असेना.

कारखान्यांच्या वसाहतीतलं पाळणाघर ते. तळमजल्यावरची एक लांबलचक खोली, खाली चटया, भिंतीला खुंट्यांची रांग आणि गुडघ्याएवढी बेसिनं. कामाला माणसं कुठून कुठून आलेली, त्यामुळे पोरंही तशीच. आणि गंमत अशी, की बोबडे शब्द सगळ्यांचे तेच! घर बदललं की अर्थ बदलतो, एवढंच. एका घरची धाकटी आपल्या थोरल्या बहिणीला दादा म्हणते आणि भावाला काका. दुसऱ्या घरात मामा म्हणजे चक्क बाप. तिसऱ्या घरात काका म्हणजे शी. आता फाटकावरच्या वॉचमनला सगळी वसाहत काका म्हणणार. त्या तिसऱ्या घरचं पोर "काका, काका" म्हणून कळवळायला लागलं, की वॉचमन बिचारा कौतुकाने आत डोकावायचा आणि मावशी पॉट घेऊन धावायची. शेवटी कुणीतरी त्याला खरं काय ते सांगितलं, तर स्वारी दोन दिवस कुणाशी बोलली नाही.

हे सगळं मावशी शिकली कशी? तर तिचा एक नेम होता. नवीन मूल आलं, की पहिल्या दिवशी आईने नाहीतर बापाने त्याच्याजवळ चटईवर बसायचं आणि त्याच्याशी आपल्या भाषेत बोलत राहायचं. मावशी आपली चार हात लांब. कपड्यांच्या घड्या घालत, कान तिकडे ठेवून. मुलाकडे बघायचं नाही, हाक मारायची नाही, आणि उचलायचं तर मुळीच नाही. त्याला वाटेल तेव्हा ते येईल. कामाला लागलेल्या नवीन बायकांना ती दटावूनच सांगायची, "हात आवरा गं! ते काय भाजी आहे का, दिसली की उचलली?"

आणि हीच शहाणी बाई स्वतःच्या नातीपुढे सपशेल तोंडावर आपटली.

मुलगा परदेशात, सून तिकडचीच. नात अडीच वर्षांची झाली तरी आजीने तिला पाहिली होती ती फोनच्या काचेत. ती पहिल्यांदा घरी येणार, तीही आठवडाभरासाठी. मावशीने रजा टाकली, पडदे धुतले, नवऱ्याला दाढी करायला लावली. दार उघडलं. मुलाच्या कडेवर पेंगुळलेली पोर, हातात अर्धं बिस्कीट. झालं! मावशीचे हात नेमबीम सगळं विसरले. तिने पोरीला खसकन ओढून घेतलं, छातीशी आवळलं आणि म्हणाली, "आली गं माझी बाय! आजीला पापा दे! दे ना पापा!"

पोरीने असा टाहो फोडला, की वरच्या मजल्यावरची माणसं जिन्यात आली.

सून ओशाळून गेली. नवऱ्याकडून शिकलेल्या तोडक्यामोडक्या मराठीत म्हणाली, "आई, तिला वाटलं तुम्ही बिस्कीट मागता. आमच्याकडे पापा म्हणजे खाऊ."

म्हणजे बघा. परक्या बाईने झोपेतून हिसकावून घेतलं, आणि वर बिस्किटावर डोळा!

त्यानंतर नात आजीला बघितलं की आईच्या मागे. मावशीने बाहुली आणली, माकडउड्या मारून दाखवल्या. जितकी ती पुढे जाई, तितकी पोर मागे. एका संध्याकाळी "बाबा! बाबा!" असा आनंदाचा चीत्कार आला. मावशीचे यजमान छाती फुगवून बाहेर आले, तर पोर फोनवर तिकडच्या आजीला हाका मारत होती. त्यांच्यात आजीलाच बाबा म्हणतात. यजमान हसले. मावशीला काही हसू आलं नाही. ती स्वयंपाकघरात गेली, उगाचच भांडी विसळत उभी राहिली.

रात्रीची जेवणं उरकल्यावर ती म्हणाली, "अहो, अख्ख्या गावची पोरं माझ्या अंगाखांद्यावर वाढली. आणि माझं रक्ताचं पोर मला भितंय. परवा निघतील ती. ही पोर मला अशीच लक्षात ठेवणार का हो, बिस्किटं पळवणारी म्हातारी म्हणून?" आणि पदर तोंडाला लावून ढसाढसा रडली.

यजमानांनी तिला रडू दिलं. मग म्हणाले, "अगं, उद्या तिला तुझ्या पाळणाघरात घेऊन जा. तिथे तुला अक्कल असते."

एरवी या बोलण्यावर घर डोक्यावर घेतलं असतं तिने. त्या दिवशी मुकाट मान हलवली.

दुसऱ्या दिवशी रजा गेली चुलीत. मावशी कामावर हजर झाली आणि सुनेला म्हणाली, "हे बघ, आत गेलीस की मी तुझी सासू नाही आणि तिची आजी नाही. तिला घेऊन त्या कोपऱ्यात बस आणि तुझ्या भाषेत बोल. माझ्याकडे दोघींनीही बघू नका."

सून बसली. मावशी चार हात लांब, घड्या घालत. कान मात्र टवकारलेले. पोर आईला काय काय विचारत होती. पाणी मागायला एक शब्द, चेंडूला एक. एक शब्द ती खिडकीकडे बोट दाखवून पुन्हा पुन्हा म्हणत होती, तो मांजराचा होता. मावशीने मान वर केली नाही. हे सोपं नाही बरं! ज्याच्यासाठी जीव तुटतो, त्याच्याकडे न बघता लाळेऱ्याची घडी करायची, करून बघा एकदा.

तेवढ्यात डुलक्या आला. डुलक्या म्हणजे दीड वर्षांचा, पाळणाघरातला सगळ्यात आळशी प्राणी. कुठेही बसला की पेंगतो. तो सवयीने मावशीच्या मांडीवर चढला, अंगठा तोंडात घातला आणि डोळे मिटले. मावशी त्याच्या पाठीवर थोपटत राहिली.

कोपऱ्यातली बडबड थांबली.

नात उठली. चटईवरून दबकत दबकत जवळ आली आणि डुलक्याच्या झोपलेल्या तोंडाकडे बघत राहिली. मग आजीच्या थोपटणाऱ्या हाताकडे. तिचा चेहरा हळूहळू लाल झाला. आणि काही कळायच्या आत तिने दोन्ही हातांनी डुलक्याला असं काही ढकललं, की तो कोलमडून थेट चटईवर! रिकाम्या मांडीवर ती धप्पकन बसली आणि आजीच्या साडीचा काठ मुठीत धरून सगळ्या खोलीकडे डोळे वटारून बघायला लागली.

डुलक्याने भोकाड पसरलं. बाकीची पोरं खेळणी टाकून बघायला लागली. ढकलाढकली केलेली मावशीला अजिबात खपत नाही, हे तिथल्या रांगत्या पोरालाही ठाऊक. आता मावशी या नवीन मुलीला उठवणार, आणि "इथे मांडी सगळ्यांची असते" म्हणून सुनावणार.

मावशीने दोन्ही हातांनी नातीला कवटाळलं आणि तिच्या केसांत नाक खुपसलं.

"अहो मावशी," स्वयंपाकवाली दारातून ओरडली, "ते पोर रडतंय ना!"

"मग घे की तू," मावशी मान वर न करता म्हणाली. "मी कामात आहे."