शिळं पाणी

माठ विसळताना ओल्या मातीचा वास आला, की जतकडच्या माळावरचं आमचं घर आठवतं. वीज नाही, नळ नाही, शेजार म्हणजे लांबवर दिसणारी एकच वस्ती. पण ओट्यावर बसलं की नजर कुठंच अडायची नाही, आणि त्या मोकळेपणावर भाळूनच आम्ही दोघांनी ते घेतलं. राहायला गेलो त्या दिवशी पाण्याचा टँकर आलाच नाही. वस्तीवरची बाई विहिरीवरनं भरलेली घागर डोक्यावर घेऊन उन्हातनं आली, 'नव्या घरात कोरडं ऱ्हाऊ ने,' म्हणाली आणि घरात येऊन आमच्या माठात ओतून गेली. सकाळी मी वाईत जन्मभर करत आले तेच केलं, उरलेलं पाणी शिळं म्हणून माठ अंगणात उपडा केला. कृष्णाकाठी वाढलेल्या हाताला दुसरं काही ठाऊकच नव्हतं. मान वर केली तर ती दुसरी घागर घेऊन समोर उभी. भिजलेल्या मातीकडं बघत तिनं हळूच विचारलं, 'आमच्या हातचं चालत न्हाई व्हय, ताई?' मी घाईघाईनं म्हणाले, 'छे हो, शिळं झालं होतं म्हणून.' 'बरं,' म्हणाली. या खेपेला ती आत आली नाही, माठालाही शिवली नाही. घागर पायरीखाली ठेवून गेली. ते घर आम्ही वर्षभरात विकलं. का विकलं, असं कुणी विचारलं की मी पाण्याचं कारण सांगते, आणि ते खोटंही नाही.