बद्रुन्निसाच्या भिंतीवरची रेघ

तिसगावात शाळामास्तर म्हणून रुजू झालो तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो आणि मला सगळं कळत होतं. त्या वयात तसंच असतं म्हणा. पण माझ्या कळण्याची किंमत दुसऱ्या कुणीतरी मोजली, म्हणून हे लिहायला बसलोय.

शाळेमागच्या आळीत बद्रुन्निसा राहायची. गाव तिला बदरूचाची म्हणायचं. नवरा शमशेर पिंजारी देवीच्या साथीत गेला. त्यानंतर त्याची कमान तिनं स्वतः खांद्यावर घेतली आणि गावोगाव कापूस पिंजत, गाद्या शिवत एकुलता एक मुलगा वाढवला. बाईमाणसानं कमान घेतली म्हणून लोक आधी हसले, मग तिच्याच गाद्यांवर झोपले. अंगानं काडी, आवाज मात्र असा की समोरच्या आळीतली कोंबडी दचकावी. अक्षराची ओळख नाही. मुलगा नियाज मराठी चौथीपर्यंत शिकला आणि बेचाळीस साली पलटणीत भरती होऊन ब्रह्मदेशाकडे गेला.

तिच्या घरात पहिल्यांदा गेलो तो फाटलेली गादी शिवून घ्यायला. समोरच्या मातीच्या भिंतीवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, गेरूची एक आडवी रेघ होती. रेघेवर चित्रं काढलेली. टोळधाडीचे ठिपके, आटलेली विहीर, पाळणा, आणि दर ईदेला एक चंद्रकोर. रेघेखाली भिंतीत बाभळीचे काटे खोचलेले आणि काट्यांना कागद अडकवलेले. पहिल्या काट्याला निकाहाचा कागद, पाळण्याखाली नियाजला देवी टोचल्याचा दाखला, पुढे त्याचा शाळेचा दाखला. शेवटी त्याची पलटणीतून आलेली सात पत्रं, प्रत्येक आपापल्या पाकिटासकट.

"हे काय, चाची?" मी विचारलं.

"माझं दप्तर हाय," ती म्हणाली. "तुमी वाचून हुडकता, मी बघून हुडकते. ईदेचा चांद बगितला की त्या सालचं सगळं हाताशी येतं."

मी हसलो. चारचौघांतही सांगून हसलो. भिंतीवर दप्तर लावणारी बाई म्हणून.

चव्वेचाळीस सालच्या रमजान ईदेनंतर एकदा मी तिच्याकडे गेलो आणि तिला पटवलं की हे काही खरं नाही. भिंतीला वाळवी लागेल, कागद मातीत जातील, शहाण्या माणसाचं दप्तर फायलीत असतं. ती घुटमळली. "पर मग कुनाच्या आदी काय आलं ते कसं समजंल?" म्हणाली. मी म्हटलं, "मी आहे ना." दोन पुठ्ठे घेतले, नाडी ओवली, सरकारी कागद वेगळे केले, पत्रं वेगळी केली आणि नीट बांधून दिली. पत्रांवर तारखा नव्हत्या. लष्करात तसंच लिहायचं असतं, अशी नियाजची समजूत असावी. त्या गोष्टीकडे माझं लक्षसुद्धा गेलं नाही. पाकिटं फुगतात, फाईल मिटत नाही, म्हणून ती काढून घेतली.

तेव्हा लढाईमुळे कागद सोन्यासारखा झाला होता. शाळेत सहामाही परीक्षा तोंडावर. ती पाकिटं मी उलगडली, कडा कापून सारखे चौकोन केले आणि मुलामुलींना गणितं सोडवायला वाटली. काटकसर केली म्हणून स्वतःवर खूशही झालो. चाचीनं माझ्या सांगण्यावरून काटे उपटले आणि पांढऱ्या मातीनं भिंत सारवून घेतली. मास्तर सांगतात म्हटल्यावर करायलाच हवं.

दिवाळी झाली आणि छगन पोस्टमन लष्कराच्या कचेरीचा कागद घेऊन आला. नियाज शमशेर जूनपासून बेपत्ता.

एरवी तिची पत्रं छगनच वाचून दाखवायचा, हा कागद इंग्रजी होता म्हणून मी वाचून दाखवला. चाची रडली नाही. "जूनपासून कसा?" म्हणाली. "दवाखान्याचं पत्र रमजानात आलं. चौदावा रोजा हुता. माझा पोरगा दवाखान्यात हाय, त्यास्नी ठावं न्हाई."

ते पत्र मी शोधलं. 'पाय बरा होतोय, अम्मी. इथं गादी आहे, पण तुझ्या हातची नाही.' मी लगेच अर्ज लिहिला. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. तपास करू, परंतु सदर पत्र ज्या पाकिटातून आले ते पाकीट, त्यावरील टपाल शिक्क्यासह, पाठवावे. म्हणजे पत्र कधीचं ते शिक्क्यावरून ठरेल.

उत्तर मी तिला वाचून दाखवलं. ती समोर उकिडवी बसली होती. तिनं साधं विचारलं, "पाकिटं तुमच्याकडं हायेत न्हवं?"

आणि मी म्हणालो, "चाची, त्यांना वाळवी लागली. शाळेतल्या पेटीत ठेवली होती."

एवढं वाक्य. मी ते खोटं इतक्या सहज बोललो की आजही माझाच आवाज मला ओळखू येत नाही. तिनं मान हलवली. म्हणाली, "रमजानातच आलं. का त्याच्या आदी, शबेबरातीला आलं असंल? भिंत असती तर समजलं असतं."

तिला स्वतःच्याच आठवणीचा भरवसा वाटेना, हे मी केलं. पाकिटाशिवाय दुसरा अर्ज पाठवला, त्याला उत्तर आलं नाही. लढाई संपली. पाथर्डी भागातले बरेच जण परत आले. नियाज आला नाही.

त्यानंतर दोन वर्षं मी त्या आळीतून जायचं टाळलं. दोन्ही ईदेला ती मात्र शिरखुर्म्याची वाटी शाळेत पाठवायची. शेहेचाळीसच्या थंडीत माझी बदली झाली. आता तरी सांगून टाकावं म्हणून तिच्या घरी गेलो.

दारातच थबकलो. भिंतीवर गेरूची रेघ परत ओढलेली होती. पाळणा, विहीर, चंद्रकोरी, काटे, कागद, सगळं जागच्या जागी. दवाखान्याच्या पत्राचा काटा मात्र दोन चंद्रकोरींच्या मधे, अर्धवट जागी खोचलेला. आणि त्याच काट्याला, पत्राच्या मागे, एक चौकोनी तपकिरी कागद. त्यावर त्रैराशिकाचं गणित आणि खाली लाल शाईत माझं 'बरोबर'. शिक्क्याचा कोपरा मी कापलेला होता.

"हे कुठं मिळालं?" मी विचारलं.

"रंगुबाईच्या पोरीच्या दप्तरात. तिच्या घरी गादी भराया गेल्ते."

"कधी?"

"त्याच साली. तुमी वाळवी म्हनलात, त्याच्या आठवड्यानं."

म्हणजे सगळ्या वाट्या तिनं हे कळल्यावर पाठवल्या होत्या. मी म्हणालो, "चाची, मी खोटं बोललो. पाकिटं मीच कापली."

"मला ठावं हाय."

"मग कधी बोलला का नाहीत?"

ती कमानीची तात पुसत होती. हात न थांबवता म्हणाली, "तुमी आळीतून जायाचं सोडलं, मास्तर. मानूस लाजलाय, समजलं. लाजलेल्या मानसाला आनि काय इचारायचं? पोरगा त्यानं येनार हुता व्हय?"

मी उंबऱ्यावर बसलो. तिनं उठून काट्यावरचं पत्र काढलं आणि माझ्या हातात दिलं.

"जाताय तर एवडं वाचून जा. छगनला दिसत न्हाई आता."

मी वाचलं. पाय बरा होतोय, अम्मी. पुढची ओळ मला वाचता येईना, तर ती तिनंच म्हणून दाखवली.