रेणूचा खेळ बघायला म्हैसूरला

निपाणीहून बेळगावला बसनं आणि तिथनं म्हैसूरला रेल्वेनं, अशी मी एकटी निघाले ती आयुष्यात पहिल्यांदाच. ह्यांना यायचं होतं, पण लगीनसराई, दुकानात ब्लाऊजचा ढीग, मशीन सोडून येणार कसे? बसस्टँडवर सोडताना म्हणाले, "घाबरू नकोस, झोपू नकोस, पिशवी सोडू नकोस." त्यातलं पहिलं काही मला जमलं नाही, बाकीचं सगळं पाळलं.

माझी शाळा सातवीपर्यंतच, लिहायची सवय नाही. पण परत आल्यापासनं गल्लीतल्या बायका एकच विचारतात, पोरीला टेनिसला पाठवावं का, काय फायदा आहे का? प्रत्येकीला पहिल्यापासनं सांगत बसणं होत नाही, म्हणून एकदाच लिहून टाकते.

रेणू माझी एकुलती, अकरा वर्षांची. बेळगावच्या शिबिरात एका सरांनी तिला बघितलं आणि म्हणाले, हात सोन्याचा आहे, म्हैसूरच्या अकॅडमीत पाठवा, राहणं-खाणं-शाळा सगळं तेच बघतील, तुम्ही काही द्यायचं नाही. आम्ही पेढे वाटले. दिवाळीनंतर ती गेली. आणि आता उन्हाळ्यात तिची पहिली खरी मॅच होती, ती बघायला मी चालले होते.

म्हैसुरात सकाळी उतरले तर हवा गार, रस्ते रुंद, कुणाला कसली घाई नाही, घाई ती मलाच. रिक्षा करून सरूआत्यांकडं गेले. ह्या आमच्या ह्यांच्या चुलत आत्या, तीन पिढ्या म्हैसुरातच, घरी तेच शिवणकाम, समोरच्या खोलीत विठोबा आणि मागच्या खोलीत मशिनी. त्यांचं मराठी कानडीत भिजलेलं.

"बा ग बा (ये ग ये), किती सुकलीस! आधी तिंडी (नाश्ता) कर, मग बोल."

कापसासारखे डोसे, वर लोण्याचा गोळा, शेजारी सागू, म्हणजे भाज्यांचा रस्सा. खाताना डोळ्यांत पाणी आलं. आत्या बघतच होत्या. "सुम्ने (उगाच) डोळे पुसतीस कशाला? मगू (लेकरू) राणीसारखं राहतंय तिथं. दूध काय, अंडी काय, इंग्रजी काय! तुमच्या निपाणीत राहून काय करणार होती, काजं-बटणं?"

अकॅडमी नंजनगूडच्या रस्त्यावर, कडकोळच्या पुढं. बसमध्ये कंडक्टरनं विचारलं, "एल्लि अम्मा? (कुठं, बाई?)" मला जागेचं नावच आठवेना, तोंडातनं नुसतं "टेनिस" आलं. नऊवारी नसली तरी डोक्यावर पदर, मांडीवर शंकरपाळ्यांचा डबा. त्यानं मला वरपासनं खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, "आडतीरा? (खेळता काय?)" अख्खी बस हसली. मीसुद्धा हसले, आणि हसण्याच्या नादात अकॅडमीचा थांबा मागं पडला. कारखान्यांच्या भिंतीकडेनं उन्हात परत चालत आले, तर फाटकातच एक काळीसावळी पोरगी उभी, केस पोरासारखे कापलेले, पोटऱ्या दगडासारख्या. मी तिलाच विचारणार होते, रेणू कुठंय म्हणून.

"आई!" म्हणाली, आणि मग मला मिठी मारली.

शंकरपाळ्यांचा डबा तिनं उघडला तो सगळ्यांना वाटायलाच. स्वतःला उरलेला चुरा.

चार वाजता मॅच. लाल मातीचं मैदान, बाजूला बाकं, मी एका कोपऱ्यात. एक बाई छत्री घेऊन शेजारी येऊन बसली आणि माझे दोन्ही हात धरले. निधी म्हणून अकॅडमीतली सगळ्यात पुढची मुलगी, तिची ही आई. कानडीत बोलत होती, निपाणीत राहून मला निम्मं-अर्धं कळतं.

"तुम्ही रेणूची अम्मा ना? तुमचे उपकार कसे फेडू! माझी निधी डाव्या बाजूला कच्ची होती हो. तुमची रेणू रोज तिला बरोबर तिथंच चेंडू देते, सांगावं तिथं, सांगावं तेवढ्या जोरात. एवढी गुणाची पोर मी बघितली नाही. निधी आता दिल्लीला खेळायला जाणार."

मला आनंद झाला. खरंच झाला. मी म्हटलं, "आणि निधी रेणूला चेंडू देते का?"

ती बाई बाकावर माझ्याकडं सरकली. मग छत्री माझ्यावर धरली आणि म्हणाली, "ऊन लागतंय तुम्हाला."

मॅच सुरू झाली. समोर मंड्या गावची एक थोराड पोरगी. रेणू हरणासारखी पळायची, एक चेंडू सोडत नव्हती, लोक टाळ्या वाजवत होते, मीही वाजवत होते. पण थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं, टेनिसमधलं मला काही कळत नाही तरी आलं, की ती दुसरी पोरगी फार पळतच नाहीये. तिकडची अख्खी बाजू मोकळी पडलेली असायची आणि रेणू चेंडू पुन्हा तिच्यापाशीच मारायची. पाहुण्याच्या ताटात वाढावं तसा, नीट, मऊ, हाताशी. आणि ती पोरगी आरामात लांब कोपऱ्यात हाणायची. रेणू तोही पळत जाऊन उचलायची आणि परत तिच्या हातात द्यायची.

हरली. हात मिळवून आली, घामानं निथळत. मी पदरानं तिचं तोंड पुसलं आणि न राहवून विचारलं, "बाळा, तिकडं सगळं मोकळं होतं की गं. तिकडं का नाही मारलास?"

"दिसतं मला, आई," ती म्हणाली. "पण हात जातच नाही तिकडं."

रडली असती तर बरं झालं असतं. तिनं ते असं सांगितलं, जसं कुणी सांगावं की उंचावरच्या डब्याला माझा हात पुरत नाही.

सरांना मी घाबरत घाबरतच भेटले. माणूस वाईट नाही. खुर्ची दिली, कॉफी मागवली. बेळगावकडचंच मराठी बोलले. मी विचारलं, "सर, माझी पोर कधी जिंकणार?"

त्यांनी कप खाली ठेवला. "ताई, इथं इतकी मुलं येतात, त्यातलं एखादं वर जातं. ते वर जायचं तर त्याच्याबरोबर रोज कुणालातरी हवा तिथं चेंडू देत खेळावं लागतं. सगळीकडं असंच असतं. रेणूचं खाणं-पिणं, शाळा आम्ही बघतो ते त्याच्यासाठीच."

"हे आधी नाही सांगितलं."

"तुम्हाला सांगायला पाहिजे होतं," ते म्हणाले. एवढंच.

"चेंडू समोरच्याच्या हातात द्यायची ही सवय मोडता येईल का?"

"येईल. पण रोज एकानं फक्त तिच्यासाठी उभं राहायला पाहिजे. तसा माणूस माझ्याकडं नाही."

रात्री आत्यांकडं मला झोप लागली नाही. आत्या म्हणाल्या, "बेडा (नको) ग, नेऊ नकोस. हरली तर हरली, शिकतीय, खातीय." त्याही काही खोटं बोलत नव्हत्या. सकाळपर्यंत मी दहादा ठरवलं आणि दहादा मोडलं. शेवटी गेले आणि रेणूला म्हटलं, बॅग भर.

"पण निधीची दिल्लीची मॅच आहे," ती म्हणाली. "मी गेले तर तिला कोण देणार?"

"आणि तुझी पुढची मॅच कधी?"

तिनं विचार केला. "ते सर सांगतील."

मग तिनं बॅग भरली. का म्हणून विचारलं नाही, हट्ट केला नाही. निधी फाटकापर्यंत आली आणि हुंदके देऊन रडली, तिला रेणूनंच समजावलं. परतीच्या गाडीत मी तिला म्हटलं, रागावलीस का? ती म्हणाली, "नाही, तू सांगितलंस ना." तेव्हा मला वाटलं, आपण हिला सोडवून आणतोय की हिला सांगणारा तेवढा बदलतोय? अजून वाटतं.

तर बायांनो, पाठवावं का, हे मला विचारू नका. पळायला शिकवतात, इंग्रजी शिकवतात, कुणी उपाशी ठेवत नाही. पाठवलंत तर मधेच एकदा न सांगता जा आणि मैदानाकडेला बसून बघा, आपलं लेकरू कुणासाठी पळतंय.

रेणू आता इथल्या शाळेत जाते. संध्याकाळी मागच्या पटांगणात पोरं जमतात, जुनी रॅकेट, मधे दोरी. तिच्याबरोबर खेळायला सगळ्यांची भांडणं, कारण तिच्याकडनं आलेला चेंडू लहानग्यालासुद्धा मारता येतो. मी दारातनं ओरडते, "रेणू, लांब मार गं, लांब!" ती मान डोलावते, हात मागं नेते, लांब बघते, आणि चेंडू जातो तो समोरच्या पोराच्या हाताशी.