हिरामणशेठची वाढलेली सेवा

नाशिकरोडच्या एका पतसंस्थेचे चेअरमन हिरामणशेठ म्हणजे, वत्सलाबाईच्या मते, एक नंबरचा बिनकामाचा माणूस. बावीस वर्षं ती त्या संस्थेची पिग्मी, म्हणजे रोजची बचत, दारोदार जाऊन गोळा करत होती. भाजीवाल्या, चहावाले, एकलहऱ्याच्या वसाहतीतल्या शिलाईवाल्या, अशी दोनशे दारं. पन्नास-शंभर घ्यायचे, पावती द्यायची, घरात कुणी आजारी असलं तर दोन मिनिटं टेकायचं. शेठ तेवढ्या वेळात केबिनमध्ये एसी लावून डुलक्या काढायचे.

मग सरकारच्या आकडेवारी खात्यातला रविराज नावाचा अधिकारी माहिती न्यायला आला. बँका बऱ्याच कामाचे पैसे उघड मागत नाहीत, त्यानं समजावलं. ठेवीला व्याज कमी देतात, कर्जाला जास्त लावतात. त्या फरकावरून आमचं खातं त्यांच्या सेवेची किंमत काढतं आणि देशाच्या उत्पन्नात धरतं. झालं! शेठच्या डोक्यात हवा गेली. ठेवीचं व्याज त्यांनी टक्क्यानं उतरवलं, कर्जाचं तेवढंच ठेवलं आणि अहवालात छापलं, की यंदा आपली सेवा वाढली. कसली डोंबलाची सेवा! वर ठराव आणला: एजंट बंद, लोकांनी मोबाइलवरून पैसे भरावेत. त्या एका ओळीनं वत्सलाबाईच्या पोटावर पाय आला.

वार्षिक सभेला रविराजला पाहुणा म्हणून पुढची खुर्ची दिली होती. वत्सलाबाई उठली. ती सभासद होती, तिला कोण अडवणार?

"साहेब, उद्या यांनी ठेवीवर व्याज दिलंच नाही, तर तुमच्या हिशोबात यांची सेवा आणखी वाढंल ना?"

रविराजनं घाम पुसला. माणूस प्रामाणिक होता बिचारा.

"हिशोबात वाढेल," तो म्हणाला.

लोक हसले. शेठही हसले, कारण त्यांना काही कळलंच नाही. संचालकांच्या भाच्या-पुतण्यांनी हात वर केले, ठराव मंजूर झाला आणि सगळे जिलेबीवर तुटून पडले. वत्सलाबाईला त्यांची किळस आली. ती न जेवताच निघाली.

दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी ती शेवटच्या फेरीला गेली. संध्याकाळी तिनं शेठच्या टेबलावर गठ्ठा आपटला. खातं बंद करायचे एकशे ऐंशी अर्ज, सगळे सही-अंगठ्यानिशी.

"घ्या," ती म्हणाली. "आता करा सेवा."