उंचीप्रमाणे लावलेले डबे

जुळारीकाकांनी चाळीस वर्षं छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवले. शेकडो खणांतून हवं ते अक्षर न बघता उचलायचं, हाच धंदा. त्यामुळे काचबिंदूने डोळे गेले तेव्हा त्यांनी फारसा बाऊ केला नाही. स्वयंपाकघराचाच छापखाना केला. साखर कुठे, चहापत्ती कुठे, धुण्याची पावडर कुठे, हे हाताला पाठ.

मग शाळेचा 'ज्येष्ठांना आधार' प्रकल्प दारात आला. नववीतली चार पोरं, एक तास, सहा फोटो. काकांना बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसवलं आणि आतले डबे घासूनपुसून उंचीप्रमाणे लावले.

संध्याकाळी लेक आली. काकांनी चहा दिला. चहाला फेस आला.

"बाबा, साखरेऐवजी धुण्याची पावडर घातलीत. आता बास. रविवारी सामान न्यायला येते, माझ्याकडेच राहायचं."

तिला काही सांगायला गेले, तर तिने चप्पल घातलीसुद्धा.

काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी शाळेत फोन लावला.

"प्रकल्प जमा झाला हो," बाई गोडीत म्हणाल्या. "मुलांना दहापैकी दहा मिळाले."

"आणि मी नापास. स्वतःच्या घरातून काढतायत मला. पाठवा त्या हुशारांना."

शनिवारी त्या चौघांतली एक मुलगी एकटीच आली. "आजोबा, उंचीची कल्पना माझी होती. छान दिसत होतं."

"कुणाला?"

काकांनी तिला आत ओट्यापाशी नेलं.

"डोळे मीट. साखर काढ. आता चाख."

"मीठ आहे," ती तोंड वाकडं करत म्हणाली.

"माझी लेक याहून वाईट प्यायलीय. मिटलेलेच ठेव डोळे आणि मी सांगतो तसं लाव. एक खिळा चुकीच्या खणात पडला, तर लग्नपत्रिकेत 'वर'चा 'मर' होतो."

मुलगी फिसकन हसली.

"हसू नकोस. झालाय. वरमाय आली होती छापखान्यात."

दोन तास काका ओरडत होते आणि मुलगी चाचपडत होती. गुडघा दोनदा ओट्यावर आपटला तिचा. काकांना मुळीच वाईट वाटलं नाही.

रविवारी लेक रिकामी खोकी घेऊन आली. काकांनी चहा केला. तिने आधी वास घेतला, मग कप संपवला.

"महिनाभर बघू," ती म्हणाली.

"तू बघ," काका धुमसतच म्हणाले. "मला काय दिसतंय? आणि ती खोकी ने परत, पायात येतायत."